ढब्बूभर शाईचा हिशेब

बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या गावी गेल्यावर तहसील कचेरीचा रस्ता सहसा विचारावा लागत नाही; झेरॉक्स, मुद्रांक, ऑनलाइन अर्ज, पासपोर्ट फोटो अशा पाट्यांची दाटी जिथे सुरू होते तिथून कचेरीचे आवार फार दूर नाही असे खुशाल समजावे. गेवराई असो, केज असो की पाटोदा, या पाट्यांखालच्या आठ-दहा फुटी गाळ्यांत, संगणकाच्या शेजारी, धुळीने मूळचा रंग हरवलेले एक ठेंगणे यंत्र बसलेले असते. आणि शेतकऱ्याचा सातबारा, विद्यार्थ्याचा उत्पन्नाचा दाखला, निराधार वृद्धेचा अनुदानाचा अर्ज, ऊसतोड मजुराच्या मुलाचे जातीचे प्रमाणपत्र ही सारी कागदपत्रे त्याच्या पोटातून ऊन ऊन बाहेर पडत असतात. दारात चप्पल काढून, हातातली पिशवी पोटाशी धरून उभी राहिलेली माणसे त्या यंत्राकडे ज्या उत्कंठेने पाहतात, ती उत्कंठा मी दवाखान्याबाहेर पाहिली आहे, कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिली आहे आणि येथे पाहिली आहे.

या यंत्राला बाजारात नुसते ‘लेझर’ म्हणतात. कमी किमतीचा, एकरंगी, एका मेजावर मावणारा हा लेझर प्रिंटर आज या जिल्ह्याच्या कारभाराचा अखेरचा दुवा झालेला आहे. शासनाचा सारा व्यवहार ऑनलाइन झाला असे आपण म्हणतो. परंतु तो व्यवहार ज्या क्षणी सामान्य माणसाच्या हातात पडतो तो क्षण या यंत्रातील काळ्या भुकटीवर अवलंबून असतो. ही भुकटी कोणत्या दराने मिळते, ती ज्या डबीत भरलेली असते ती डबी कोण बनवतो, आणि डबी रिकामी झाल्यावर ती पुन्हा भरण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न वरकरणी दुकानदारीचे दिसत असले तरी त्यांचा निवाडा शेवटी गरिबाच्या खिशात होतो, म्हणून त्यांचा थोडा विस्ताराने विचार करण्याची माझी इच्छा आहे.

कागदाचा व्याप या मुलखाला नवीन नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. निजामी अमदानीचे उर्दूतील दफ्तर, इनाम जमिनींचे मुंतखब, सेतवार, त्यापुढे १९५४-५५ चे खासरा पत्रक, पाहणीपत्रके, फेरफाराच्या नोंदवह्या, असे कागदाचे थर येथील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत एकावर एक साचलेले आहेत. जमिनीचा वाद उद्भवला की माणूस या थरांत उतरतो आणि नक्कल मागतो. पूर्वी ती नक्कल नकलनवीस हाताने उतरून घेई, दुसरा कारकून मूळ कागदाशी तिची रुजवात करी, आणि मग तिच्यावर शिक्का उमटे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे कुणबी नोंदी शोधण्याचे काम सोपविण्यात आले, तेव्हा मराठवाड्यातील मोडी आणि उर्दू दफ्तरांची कित्येक वर्षे न सोडलेली बासने पुन्हा सुटली, आणि आजोबा-पणजोबांच्या नावाच्या त्या नोंदींच्या प्रती हातात घेऊन माणसे गावोगावच्या सेवा केंद्रांपुढे उभी राहिली. नकलनवीस गेला, त्याच्या जागी हे यंत्र आले.

शाईच्या खर्चाची आठवण तर या जिल्ह्याने संतचरित्रातही जपून ठेवली आहे. अंबाजोगाईचे दासोपंत हे सोळाव्या-सतराव्या शतकातील विलक्षण लेखक. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ त्यांच्या नावावर सांगितला जातो. कागद पुरेना म्हणून की काय, चाळीस हात लांब आणि चार हात रुंद अशा पासोडीवर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहून काढले. त्यांना लिहिण्यासाठी रोज एक ढब्बू किमतीची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. लेखनाला शाई लागते, शाईला पैसा लागतो, आणि तो किती लागतो याची नोंद ठेवणे हे कमीपणाचे नाही, ही समज त्या आख्यायिकेत आहे. त्याच समजुतीने आपण आजच्या शाईचा हिशेब मांडू.

त्यासाठी यंत्राचे थोडे कुळशील पाहिले पाहिजे. ज्या विद्येवर लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स ही दोन्ही यंत्रे चालतात तिचा जनक चेस्टर कार्लसन हा अमेरिकेतील एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करीत असे, आणि एकेका दस्तऐवजाच्या नकला मिळवताना होणारी यातायात हेच त्याच्या संशोधनाचे मूळ ठरले. न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातील एका भाड्याच्या खोलीत २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्याने आणि त्याचा साहाय्यक ओटो कॉर्नी याने ती तारीख आणि त्या भागाचे नाव कोरड्या भुकटीने कागदावर उमटवून दाखवले. या विद्येचे व्यापारी यश १९५९ च्या ‘झेरॉक्स ९१४’ या यंत्राबरोबर आले. पुढे झेरॉक्स कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर याने १९७१ च्या सुमारास लेझर किरणाने अक्षर लिहिण्याची युक्ती सिद्ध केली. ही यंत्रे खोलीएवढी होती. ती मेजावर आली १९८४ साली, ‘एचपी लेझरजेट’च्या रूपाने, त्याची किंमत ३,४९५ डॉलर होती, आणि त्याच्या आतला यांत्रिक गाभा जपानच्या कॅनन कंपनीचा होता.

कॅननने या गाभ्यात जी कल्पना योजली तीच आपल्या विषयाचे मर्म आहे. या यंत्रात सर्वात लवकर झिजणारे भाग म्हणजे प्रकाशाला संवेदनशील लेप दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा ड्रम, त्याला विद्युद्भार देणारा रोलर, भुकटी वाहून आणणारा चुंबकीय रोलर, उरलेली भुकटी खरवडणारे पाते, आणि स्वतः भुकटी. या सर्वांना एका डबीत बंदिस्त करून ती डबीच ग्राहकाने बदलावी, म्हणजे कारागिराला बोलावण्याची गरज उरणार नाही, अशी ती योजना होती. तिच्यामुळे लेझर प्रिंटर सामान्य माणसाच्या आवाक्यात आला, याबद्दल तिचे ऋण मानले पाहिजे. आणि तिच्यामुळेच यंत्राचे सारे आयुष्य एका डबीच्या, म्हणजे कार्ट्रिजच्या, किमतीला बांधले गेले, हेही तितकेच खरे.

कॅननचाच गाभा एचपीच्याही यंत्रांत असल्यामुळे दोन निरनिराळ्या नावांच्या प्रिंटरांत एकाच बनावटीचे कार्ट्रिज बसते, आणि या योगायोगाने आपल्याकडच्या छोट्या दुकानदारांवर मोठा उपकार केलेला आहे. एचपीचे १०१०, १०१८, १०२०, १०२२ हे प्रिंटर आणि एम१००५ हे छापणे, झेरॉक्स व स्कॅन अशी तिन्ही कामे करणारे यंत्र यांना ‘१२ए’ नावाचे कार्ट्रिज लागते. कॅननच्या एलबीपी २९०० ला ‘३०३’ लागते. आणि ही दोन्ही कार्ट्रिजे एकमेकांच्या जागी चालतात. दोहोंची घोषित क्षमता २,००० पानांची. दोहोंवर अडवणूक करणारी चिप नाही. मिनिटाला १२ पाने छापणारा, दिसायला अगदी साधा असा २९०० हा प्रिंटर आपल्या तालुक्यांच्या गावी वर्षानुवर्षे टिकून राहिला याचे कारण त्याच्या वेगात शोधू नये. त्याचे कार्ट्रिज, त्याचा ड्रम, त्याचे पाते, त्याचा पिकअप रोलर, भुकटी वितळवणाऱ्या त्याच्या फ्यूजरची टेफ्लॉन फिल्म, यांतील प्रत्येक वस्तू निराळी, थोड्या पैशांत आणि बहुधा त्याच दिवशी मिळू शकते, यात ते कारण आहे.

आता हिशेब. अस्सल कार्ट्रिजला चार-साडेचार हजार रुपये वा त्याहून अधिक पडतात. साडेचार हजार धरले आणि २,००० पाने धरली तर एका पानाला सव्वादोन रुपयांची भुकटी लागली. त्यात कागदाचे पन्नास-साठ पैसे, वीज, गाळ्याचे भाडे, इंटरनेट आणि दुकानदाराचा वेळ मिळवा, आणि मग आठवा की त्याच गल्लीत झेरॉक्सचा दर पानाला दोन रुपये आहे. म्हणजे अस्सल कार्ट्रिजवर झेरॉक्स काढणारा दुकानदार प्रत्येक पानामागे पदरचे पैसे घालील. दुसऱ्या कारखान्याने बनवलेले, परंतु त्याच यंत्रात बसणारे, ज्याला बाजारात ‘कंपॅटिबल’ म्हणतात ते कार्ट्रिज चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळते. ते दीड हजार पाने चालले तरी पानाला तीस पैसे पडतात. रिकामे कार्ट्रिज उघडून त्यात पावडर भरून घेतली, ज्याला ‘रिफिल’ म्हणतात, तर खर्च त्याच्याही निम्म्यावर येतो. सव्वादोन रुपये आणि तीस पैसे यांतील जे अंतर आहे त्या अंतरावर बीड जिल्ह्यातील हे गाळे उभे आहेत.

यात आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. २,००० पाने हा आकडा ज्या मापाने काढतात ते माप आंतरराष्ट्रीय आहे. एकरंगी टोनरची, म्हणजे या भुकटीची, क्षमता मोजण्याचे हे प्रमाणक २००४ साली प्रथम प्रसिद्ध झाले. त्यातील चाचणीच्या पानावर काळा भाग साधारण ५ टक्के असतो, म्हणजे एखादे मोजके पत्र. आपल्या सातबाऱ्यावर रकान्यांच्या रेघा आहेत, शिरोरेखांची सलग अक्षरे आहेत, क्यूआर कोड आहे. आणि आधार कार्डाची प्रत काढताना झाकण उघडे राहिले तर कार्डाभोवतीचा सारा कागद काळाकुट्ट होऊन एका पानात कित्येक पानांची भुकटी निघून जाते. झाकण मिटून प्रत काढावी, एवढी साधी गोष्टही गर्दीच्या दिवशी पाळली जात नाही.

गर्दीचे दिवस या जिल्ह्यात एखाद्या पर्वासारखे येतात. जून-जुलैमध्ये पीकविमा. खरीप २०२० मध्ये नफा-तोट्याला मर्यादा घालणारा विम्याचा जो नवा साचा येथे प्रथम अंमलात आला, तो देशभर ‘बीड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. खरीप २०२३ पासून राज्यात शेतकऱ्याने केवळ एक रुपया भरावा अशी योजना आली आणि २०२५ मध्ये ती बंद झाली. या अर्जामागे सामायिक सुविधा केंद्राला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळतात आणि शेतकऱ्याकडून अधिक काही घ्यायचे नसते. सातबारा, आठ-अ, पेरणीचे स्वयंघोषणापत्र आणि पावती अशी चारच पाने धरली तरी अस्सल भुकटीने त्या चाळिसांतले नऊ रुपये खर्ची पडतात. जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा हमीपत्राच्या कोऱ्या नमुन्यासाठीसुद्धा रांगा लागल्या होत्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, तेव्हा मुकादमाशी होणाऱ्या उचलीच्या कराराचे मुद्रांक, आधारच्या प्रती, मुलांच्या शाळेचे दाखले यांची घाई उडते. कारण एकदा गाडी हलली की पुढचे पाच-सहा महिने कचेरीचे तोंड पाहणे नाही. अशा दिवशी दुपारी दोन वाजता प्रिंटर फिकट छापू लागला म्हणजे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला कार्ट्रिज ही क्षुल्लक वस्तू वाटणार नाही.

बीड शहरात सुभाष रोडच्या परिसरात कार्ट्रिज भरून देणाऱ्या एका कारागिराच्या गाळ्यात मी एक दुपार बसलो होतो. मूर्ती लहान, बोटांच्या पेरांत कधीही न जाणारी काळी झाक, तोंडाला रुमाल. त्याने एक १२ए घेतले, दोन्ही बाजूंच्या पिना दाबून त्याचे दोन भाग अलग केले, ड्रम काढून लगेच काळ्या कापडात गुंडाळला (उजेडात राहिला तर त्यावरचा लेप निकामी होतो), खरवडलेल्या भुकटीचा कप्पा रिकामा केला, पात्याची धार नखाने तपासली, रोलर कोरड्या फडक्याने पुसला आणि मग बाटलीतून नवी पावडर हळूहळू आत सोडली. या सर्वाला पंधरा-वीस मिनिटे लागली. मी त्याला विचारले, लोक तक्रार कशाची करतात?

“सर, गिऱ्हाईक म्हणतं, दीडशेत भरा. दीडशेत पावडर भरता येती, पण जुनी घाण काढून, ब्लेड बघून, ड्रम बघून द्यायचं म्हणलं की दीडशेत बसत नाही. मग कोणी नुसती वरून पावडर टाकून देतं. चार दिवस छान छापतं, पाचव्या दिवशी कडंला काळं यायला लागतं. नाव बदनाम होतं ते रिफिलचं.”

त्याचे म्हणणे सप्रमाण होते. प्रत्येक पान छापताना ड्रमवर थोडी भुकटी उरते आणि ती पात्याने खरवडून निराळ्या कप्प्यात जाते. तो कप्पा कधीच रिकामा केला नाही तर एक दिवस तो उतू जातो आणि भुकटी कागदावर सांडते. पानावर ठरावीक अंतराने तोच तोच डाग येऊ लागला तर दोष कसा ओळखावा, हे त्याने मोजपट्टी लावून दाखवले: या कार्ट्रिजचा ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे त्याचा परीघ सुमारे ७५ मिलिमीटर, डागांतले अंतर तेवढेच भरले तर दोष ड्रमचा, त्याच्या निम्म्याच्या आसपास भरले तर भार देणाऱ्या रोलरचा. अशा कारागिराच्या हाती गेलेले कार्ट्रिज नव्या ड्रमासह तीन-चार वेळा सहज भरता येते. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यक्रमात नाही. उस्तादाकडून शागिर्दाकडे ते आले आहे, आणि त्याचे मोल आपण ओळखलेले नाही असे मला प्रामाणिकपणे वाटते.

सुटे भाग त्याच्याकडे येतात पुण्याहून आणि छत्रपती संभाजीनगरहून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. परळीला रेल्वे जुनी असली तरी बीड शहराला ती १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत नव्हती, त्यामुळे हा सारा व्यापार रस्त्याच्या आधाराने वाढला. पुण्या-मुंबईच्या ठोक बाजारात हा माल मुख्यतः चीनमधील झुहाई या शहराकडून येतो. जगातील कंपॅटिबल कार्ट्रिजांची ती राजधानीच आहे. तेथील नाइनस्टार या कंपनीच्या पुढाकाराने २०१६ साली लेक्समार्क ही अमेरिकेची नामांकित प्रिंटर कंपनीच विकत घेण्यात आली, यावरून या धंद्याचा आवाका कळावा.

कंपॅटिबल माल डोळे मिटून घ्यावा असे मात्र कोणी समजू नये, कारण येथे कागदाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. टोनर म्हणजे रंग मिसळलेल्या प्लास्टिकची अतिसूक्ष्म भुकटी. ती सुमारे २०० अंश तापलेल्या फ्यूजरखाली वितळून कागदाच्या तंतूंत रुतते, आणि म्हणूनच लेझरवर छापलेला दाखला पावसात भिजला, घामाने ओला झाला तरी अक्षर पसरत नाही. परंतु निकृष्ट पावडरीचा वितळबिंदू यंत्राच्या उष्णतेशी जुळत नाही. अक्षर नुसते वर चिकटून राहते आणि घडी घातली की घडीच्या रेषेवरून उडून जाते. सातबारा पुन्हा काढता येतो, पण मुद्रांकावर केलेल्या करारनाम्याचे काय? ताजा छापलेला कागद बोटाने घट्ट घासून पाहावा, एक घडी घालून उलगडून पाहावा. भुकटी सुटली तर ती पावडर नाकारावी. मऊ, चकचकीत प्लास्टिकच्या पाकिटात असा कागद वर्षानुवर्षे ठेवला तर अक्षरे कागद सोडून पाकिटाला चिकटतात, हेही सांगून ठेवतो. अशा पाकिटापेक्षा कागदी लिफाफा चांगला.

हवामानही आपले कठोर आहे. मार्च ते जून या कोरड्या महिन्यांत कागद एकमेकांना चिकटून दोन-दोन आत जातात, धूळ रोलरवर बसून त्याची पकड जाते. श्रावणात उघड्या राहिलेल्या रिमला ओल धरते आणि कागद फ्यूजरमधून वाकडा होऊन अडकतो. विजेचा प्रश्न त्याहून बिकट. परळीच्या औष्णिक केंद्रानेच पाण्यावाचून २०१५ साली आपले संच थांबवले होते, तिथे खेड्यांतल्या भारनियमनाची कथा काय सांगावी! संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लेझर प्रिंटर जोडू नये. फ्यूजर तापताना तो क्षणात शेकडो वॉट ओढतो आणि यूपीएस बंद पडतो, कधी जळतोही. पुरेशा शक्तीचा इन्व्हर्टर असेल तरच वीज गेल्यावर छापण्याचा विचार करावा. सांडलेली पावडर पुसताना गरम पाणी वापरू नये, थंड पाण्याने पुसावी, आणि झाडूने उडवू नये, कारण ती श्वासात जाते. नाकावर काही न बांधता दिवसभर पावडर भरणारी तरुण मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या मालकांनी त्यांना चांगले मुखपट्टे द्यावेत.

गेल्या काही वर्षांत एक नवे संकट उभे राहिले आहे. स्वस्त किमतीला विकल्या जाणाऱ्या अनेक नव्या प्रिंटरांच्या कार्ट्रिजवर चिप असते. ती छापलेल्या पानांचा हिशेब ठेवते आणि ठरलेली संख्या भरली की आत पावडर असो वा नसो, कार्ट्रिज संपले असे यंत्राला सांगते. पावडर भरून भागत नाही, चिपही नवी लावावी लागते. काही यंत्रांत तर इंटरनेटवरून येणाऱ्या नव्या आज्ञावलीनंतर काल चाललेले कंपॅटिबल कार्ट्रिज आज नाकारले जाते. प्रिंटर स्वस्त दिसतो, सोबतच्या कार्ट्रिजमध्ये पावडर मुळातच कमी भरलेली असते, आणि महिन्याभरात ग्राहकाला कळते की खरी किंमत पुढेच मोजायची होती. हा व्यवहार मला अन्यायाचा वाटतो. वस्तू विकून झाल्यावर तिच्यावरचा अंमल विकणाऱ्याने आपल्याकडे ठेवणे हे वस्तू विकण्याच्या कल्पनेशीच विसंगत आहे.

या मताला न्यायालयाचा आधारही आहे, जरी तो परदेशातला. इंप्रेशन प्रॉडक्ट्स विरुद्ध लेक्समार्क या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी निकाल दिला की, पेटंटधारकाने कार्ट्रिज एकदा विकले की त्याचा पेटंटचा अधिकार तिथे संपला. ग्राहकाने ते कोणाला द्यावे, कोणी भरून पुन्हा विकावे, यावर तो पेटंटच्या जोरावर बंधन घालू शकत नाही. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिने शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे प्रथम निवडली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात या विषयाचे सरकारी पोर्टल सुरू झाले. लेझर प्रिंटरचे नाव त्या चार क्षेत्रांत स्वतंत्रपणे आलेले नाही. ते यावे. ज्या शासनाने आपला कारभार या यंत्रावर सोपविला आहे त्याने हे यंत्र दुरुस्त करण्याचा आणि भरून घेण्याचा हक्कही नागरिकाला निःसंदिग्धपणे द्यावा.

याच न्यायाने दुकानदारांकडेही एक मागणे आहे. कंपॅटिबल कार्ट्रिज विकणे हा प्रामाणिक व्यापार आहे. तेच कार्ट्रिज नामांकित कंपनीच्या खोट्या खोक्यात घालून अस्सल म्हणून विकणे हा व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि शाळा-ग्रामपंचायतींच्या खरेदीत अस्सलची किंमत लावून दुसराच माल देणे ही तर सार्वजनिक पैशाची लूट आहे. बिलावर ‘कंपॅटिबल’ हा शब्द स्पष्ट लिहावा, तारीख घालावी, आणि फिकट छापले तर बदलून देण्याची मुदत नमूद करावी. रिकामी कार्ट्रिजे उकिरड्यावर वा विहिरीच्या काठी टाकू नयेत. ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजांचाही समावेश आहे, आणि रिफिल करणारा कारागीर रिकामे कार्ट्रिज बहुधा पैसे देऊन घेतो.

महसूल प्रशासनाला माझी विनंती निराळी आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध आहे; १५ रुपये भरून तो काढता येतो आणि त्यावर तलाठ्याच्या सहीची गरज नाही. जो उतारा तहसील कचेरीच्या संगणकावर एका क्षणात दिसू शकतो त्याची छापील प्रत, आणि तिचीही झेरॉक्स, अर्जाला जोडण्याचा शिरस्ता अजून का चालू ठेवावा? दहा कागदांची मागणी सहांवर आली तर त्या वाचलेल्या चार कागदांचे पैसे प्रथम वाचतील ते धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या आणि शिरूर कासारच्या माळावरच्या माणसाचे.

या दिवाळीत कोणी सेवा केंद्र थाटणार असेल, किंवा मुलाच्या अभ्यासासाठी घरी प्रिंटर घेणार असेल, तर त्याने यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: याला कोणत्या क्रमांकाचे कार्ट्रिज लागते, ते आपल्या तालुक्याच्या गावी मिळते का, त्यावर चिप आहे का, आणि ड्रम कार्ट्रिजमध्येच आहे की निराळा. ब्रदरच्या एचएल-एल२३२१डीसारख्या, दोन्ही बाजूंनी छापणाऱ्या यंत्रात टोनर २,६०० पानांचा आणि ड्रम १२,००० पानांचा असे दोन निरनिराळे भाग असतात. टोनर स्वस्त पडतो, पण ड्रमचा खर्च पुढे येणार हे आधीच धरून ठेवावे. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर आपल्या संगणकावर चालतो का, हेही पैसे देण्यापूर्वी दुकानातच पाहावे. एचपी १०२० तर चालू होताना दर वेळी संगणकाकडूनच आपली आज्ञावली घेतो, त्यामुळे ड्रायव्हर नसला तर ते यंत्र मुकेच राहते. दुकानदाराला या चारही प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत, तर तो प्रिंटर घेऊ नये.